बाटलीवर लिहिलं होतं की!

परवा ऑफिसात जेवताना भेंडीवरून विषय निघाला. एकाच्या डब्यात भेंडीची भाजी होती. दुसऱ्याने लगेच ऐकवलं, "ही सगळी केमिकलमध्ये बुचकळलेली असते रे. हे शेतकरी वाट्टेल ते मारतात. आम्ही तर आता ऑरगॅनिकचा बॉक्स लावलाय, दर शनिवारी घरपोच." तिसरा स्वतःला फार समतोल समजतो. तो म्हणाला, "औषधात वाईट काही नसतं. यांना वापरता येत नाही. बाटलीवर सगळं लिहिलेलं असतं, पण वाचतं कोण?" यावर टेबलाचं एकमत झालं, आणि मग गाडी अप्रेझलवर गेली.

मी गप्प बसलो. वादात मी कच्चा आहे, मला उत्तरं नेहमी शनिवारी सुचतात. तर हे या शनिवारचं उत्तर.

माझं आजोळ कसाऱ्याजवळ. ज्या कसारा लोकलच्या नावाने तुम्ही ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर बोटं मोडता, तिच्या शेवटच्या स्टेशनाच्या आसपासचं एक गाव. पावसाळ्यात भात, आणि भात निघालं की ज्याच्या शेताला ओढ्याचं पाणी लागतं तो भेंडी, काकडी असं काहीतरी लावतो. शहापूर-मुरबाडची भेंडी मुंबईच्या बाजारात जाते आणि थोडी विमानाने परदेशीही जाते. ऑफिसातल्या त्या डब्यातली भेंडी माझ्या मामाची नव्हतीच, असं मी खात्रीने सांगू शकत नाही.

फेब्रुवारी २०१७. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि वीकेंडला मामाकडे गेलो होतो. मामा सकाळपासून पाठीवर पंप घेऊन भेंडीवर औषध मारत होता. (आपण त्याला 'औषध' म्हणतो, हेही गंमतीचंच.) अंगात जुना फुल शर्ट, तोंडाला उपरणं, पाय उघडे. संध्याकाळी अंगणात बसल्या बसल्या त्याला दरदरून घाम फुटला. तोंडातून लाळ, मग उलट्या, मग म्हणाला, "दिसत नाय रं नीट." शेजारच्यांच्या जीपमधून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यांत टॉर्च मारला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी लगेच ॲट्रोपिन सुरू केलं. मामा वाचला, चार दिवसांनी घरी आला. पण जाताना डॉक्टर जे म्हणाले ते अजून कानात आहे. "बाटलीवर लिहिलेलं असतं सगळं. वाचायला काय होतं तुम्हाला?"

बरोबर तेच वाक्य. ऑफिसच्या टेबलावरचं.

घरी आल्यावर मी ती बाटली वाचली. मोनोक्रोटोफॉस, ३६ टक्के. लाल त्रिकोण, म्हणजे आपल्याकडच्या चार रंगांतला सगळ्यात विषारी वर्ग. सोबतच्या पत्रकाची घडी उलगडली तर एकाच कागदावर ढीगभर भाषा, आणि मराठीतली अक्षरं एवढी बारीक की मी मोबाइलवर फोटो काढून झूम करून वाचली. रबरी हातमोजे घाला. चष्मा लावा, मास्क लावा. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून फवारू नका. काम झाल्यावर साबणाने आणि भरपूर पाण्याने अंग धुवा. आणि याच सगळ्यात एक ओळ अशी की हे भाजीपाल्यावर वापरायला बंदी आहे.

ही बंदी २००५ची. म्हणजे बारा वर्षं कायद्याने हे औषध भेंडीवर चालत नव्हतं. मामाने दुकानदाराला सांगितलं होतं, "भेंडीवर तुडतुडं आलंय." दुकानदाराने फडताळातून ही बाटली काढून दिली. कापसासाठी तीच बाटली आणि भेंडीसाठीही तीच, कारण बाटलीला काय माहीत ती कुठल्या शेतात चालली आहे!

आता जरा टेक्निकल बोलू, फार नाही. मोनोक्रोटोफॉस हे ऑरगॅनोफॉस्फेट. किड्याच्या मज्जासंस्थेत एक विकर असतं, ॲसिटिलकोलिनएस्टरेज. एका पेशीने पाठवलेला संदेश पोचला की तो पुसून टाकणं हे त्याचं काम. हे औषध त्या विकरालाच अडकवतं. संदेश पुसला जात नाही, स्नायू आणि ग्रंथी चालूच राहतात आणि किडा मरतो. गोची अशी की हेच विकर, याच कामासाठी, मामाच्या अंगातही आहे आणि तुमच्या-माझ्याही. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या हा सगळा न पुसलेल्या संदेशांचा गोंधळ. आणि हे औषध आंतरप्रवाही आहे, म्हणजे झाड ते शोषून घेतं. भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली की झालं, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली आणि माझी झोप तिनेच उडवली. कुठल्याही कीटकनाशकाची शेवटची फवारणी आणि काढणी यांत काही दिवस जाऊ द्यावे लागतात, तोवर त्याचा अंश उतरतो. लेबलवर हा प्रतीक्षा कालावधी छापलेला असतो. आता भेंडीचा तोडा कधी असतो, ठाऊक आहे? दिवसाआड. कधी कधी रोज. तीन दिवस ठेवली तर ती जून होते आणि बाजारात कोणी हात लावत नाही. मग ज्या औषधाला आठवडाभर थांबा लिहिलंय ते ऐन तोड्याच्या हंगामात मारलं, तर शेतकऱ्याने मधले तीन-चार तोडे ओढ्यात टाकायचे का? म्हणजे ही सूचना पाळणं मामाला अवघड होतं असं नाही, त्या पिकात ती पाळताच येत नव्हती.

'भरपूर पाण्याने धुवा' हीही तसलीच. शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही धरणं आहेत, मुंबई त्यांचं पाणी पिते. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. भरपूर पाणी, म्हणे.

इथे मला माझ्या धंद्यातलं बोललं पाहिजे. समजा माझ्या सॉफ्टवेअरमध्ये एका बटणामुळे सगळा डेटा उडतो. एका माणसाने ते चुकून दाबलं, तर मी म्हणेन, बाबा रे, मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं. पण हजार माणसांनी तेच बटण त्याच पद्धतीने दाबलं आणि मी तरीही मॅन्युअल दाखवत बसलो, तर माझा मॅनेजर मला काय म्हणेल? 'युजर एरर' हा शब्द आपण फक्त पहिल्या वेळी वापरू शकतो. त्यानंतर तो बग असतो, आणि बगवर कोणाचं तरी नाव लागतं. आपल्याकडे या बगवर गेली कित्येक वर्षं शेतकऱ्याचंच नाव लागलेलं आहे.

बघा ना काय काय झालं. १६ जुलै २०१३ला बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवण खाऊन २३ मुलं गेली. जेवणात मोनोक्रोटोफॉस निघालं. २०१७मध्ये, मामाच्या प्रकारानंतर काही महिन्यांनीच, यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा झालेल्यांची रांग लागली. शेकडो माणसं दवाखान्यात, वीसहून जास्त मृत्यू. त्यात कितीतरी जण रोजाने फवारणारे शेतमजूर होते. त्या वर्षी कापूस माणसाच्या डोक्याएवढा वाढला होता, गुलाबी बोंडअळी बीटी वाणाला जुमानत नव्हती, लोक दोन-तीन औषधं एकत्र करून मारत होते. सरकारने मोनोक्रोटोफॉससह पाच औषधांवर त्या भागात तात्पुरती बंदी घातली. आणि मग सुरू झालं ते नेहमीचं. हातमोजे घातले नाहीत. मास्क लावला नाही. प्रबोधन करायला हवं.

विदर्भातल्या उकाड्यात डोक्याएवढ्या कपाशीत शिरून दिवसभर रबरी हातमोजे आणि मास्क घालून काम करून दाखवा म्हणावं. आपण एसी बंद पडला तर घरून काम करतो. आणि हे मी एकटाच म्हणतोय असं नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशकांसाठी एक आचारसंहिता आहे. त्यात सरळ लिहिलंय की ज्या औषधाला लागणारी संरक्षक साधनं त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी आहेत, ते औषध टाळावं, विशेषतः उष्ण हवामानातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या बाबतीत. म्हणजे जिथे घाम येतो तिथे हातमोज्यांची सबब चालणार नाही. हे जगाने मान्य केलेलं आहे. फक्त आमच्या जेवणाच्या टेबलाने अजून केलेलं नाही.

मग इतर देशांनी काय केलं? अमेरिकेतून हे औषध १९८८मध्येच बाहेर पडलं. अर्जेंटिनात १९९५-९६च्या हंगामात टोळांसाठी मोनोक्रोटोफॉस फवारलं गेलं आणि उत्तर अमेरिकेतून तिथे स्थलांतर करून आलेले स्वेन्सन्स हॉक नावाचे ससाणे मेले, अंदाजे वीस हजार. पुढच्या काही वर्षांत त्याचा तिथला वापर बंद झाला. आणि आपल्याजवळचा श्रीलंका? त्यांनी १९९५मध्ये सर्वात जहाल वर्गातली उरलेली कीटकनाशकं, मोनोक्रोटोफॉससह, बाजारातूनच काढून टाकली. पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. भाताचं उत्पादन त्यामुळे घसरल्याचं अभ्यासकांना दिसलं नाही. लोकांची दुःखं काही एका सरकारी आदेशाने नाहीशी झाली नव्हती. फक्त एका वाईट संध्याकाळी हाताशी असलेली वस्तू कमी जहाल झाली आणि माणसं दुसऱ्या दिवसापर्यंत पोचली. विदर्भाच्या बातम्या वाचत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नसावी.

आपण काय केलं? २००५मध्ये भाजीपाल्यापुरती बंदी. २००९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या दिल्लीतल्या कार्यालयाने खास भारतातल्या मोनोक्रोटोफॉसवर आढावा काढला. २०२०मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात हेही होतं. शेवटी २०२३च्या आदेशात ३६ टक्क्यांच्या द्रावणाला बंद केलं, तेही साठा संपवायला मुदत देऊन. तिकडे ससाण्यांसाठी काही वर्षं पुरली, इकडे गंडामनच्या मुलांनंतर दहा वर्षं गेली.

आता कोणी म्हणेल, हा गडी रसायनांच्या विरोधात आहे. अजिबात नाही. माझी आजी सांगायची, त्यांच्या लहानपणी आमच्या जंगलपट्ट्यात हिवतापाने घरंच्या घरं अंथरुणाला खिळायची. मग डीडीटीचे फवारणीवाले आले, भिंतींवर पांढरे पट्टे उमटले. १९५३मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत होता आणि आठ लाख मरत होते. १९६५च्या सुमारास रुग्ण लाखावर आले. (पुढे तो परत उसळला, कारण डास शिकले आणि आपण ढिले पडलो. असो.) डीडीटीचे दुर्गुण मला माहीत आहेत, पण आजी जगली म्हणून आई झाली आणि म्हणून मी हे टाइप करतोय. आणि त्या मोहिमेत एक गोष्ट नीट बघा. डीडीटीचं पाकीट घराघरात देऊन 'पत्रक वाचून मारा' असं कोणी सांगितलं नव्हतं. प्रशिक्षित माणूस यायचा, किती मारायचं ते ठरलेलं असायचं, नोंद व्हायची. जबाबदारी फवारणाऱ्या यंत्रणेची होती. शेतीत मात्र आपण सगळी जबाबदारी बाटलीच्या मागच्या कागदावर टाकली आणि मोकळे झालो.

"एवढ्या मोठ्या देशात प्रत्येक शेतावर लक्ष कोण ठेवणार?" हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर कसारा घाटातूनच जातं.

२००३मध्ये युरोपात आपली द्राक्षं अडकली, त्यात मेथोमिलसारख्या कीटकनाशकांचे अंश सापडले. नाशिकच्या बागाईतदारांचं धाबं दणाणलं. मग काय झालं? पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला मध्यवर्ती प्रयोगशाळा केलं, अपेडाने २००६मध्ये 'ग्रेपनेट' नावाची प्रणाली उभी केली. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद. प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो. निकाल थेट प्रणालीत. अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला की त्या बागेचा माल पुढे सरकत नाही. हॉलंडमधल्या दुकानातल्या खोक्यावरून निफाडच्या कुठल्या बागेतला घड आहे ते सांगता येतं. आपल्याच लोकांनी, आपल्याच शेतकऱ्यांना घेऊन, आपल्याच देशात हे केलं. शेतकरी तेच होते, लेबल वाचण्याची त्यांची आवडही तीच होती! फरक एवढाच की पलीकडचा ग्राहक मोजून घेत होता.

पुढे युरोपने भारतातून येणाऱ्या भेंडीचीही सीमेवर वाढीव तपासणी सुरू केली, आणि भाजीपाल्यासाठीही तशी नोंदणी आली. म्हणजे आता आमच्या पट्ट्यातल्या एकाच शिवारात दोन भेंड्या असू शकतात. एक नोंदलेली, नमुना घेतलेली, विमानाने जाणारी. आणि दुसरी वाशीच्या बाजारात जाणारी, तुमच्या डब्यातली. हंगामात कसारा घाटात उभं राहिलात तर न्हावाशेवा बंदराकडे निघालेला द्राक्षांचा कंटेनर आणि वाशीला निघालेला टोमॅटोचा टेम्पो एकामागोमाग उतरताना दिसतील. कंटेनरमधल्या प्रत्येक खोक्याचा जन्मदाखला आहे. टेम्पोवर 'हॉर्न ओके प्लीज' आहे.

आपल्या बाजारातल्या भाजीची तपासणी होतच नाही असं नाही. २००५-०६पासून केंद्राची एक योजना आहे, बाजारांतून नमुने घेऊन अंश तपासतात, अहवाल निघतात. पण तो नमुना कुठल्या शेतातला, हे मागे शोधता येत नाही. तोवर भाजी खाऊन झालेली असते. ज्या लॉगमध्ये एररची नोंद आहे पण कुठून आली ते नाही, त्या लॉगचं आपण ऑफिसात काय करतो, ते सांगायला नको.

आता ऑरगॅनिकच्या बॉक्सवाल्या मित्राकडे येतो. मित्रा, तुझ्या बॉक्सवर माझा राग नाही. ज्याला परवडतं त्याने घ्यावा. राग यावर आहे की तो बॉक्स लावल्यावर तुझ्यापुरता प्रश्न सुटला. बोलायला येतं, लिहायला येतं, ज्यांचं ऐकलं जातं, ते सगळे एकेक करून बाजारातून आपापली टोपली घेऊन बाहेर पडले, तर बाजार सुधारा म्हणून ओरडणार कोण? तुझ्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशी भेंडी स्टेशनबाहेरूनच घेणार. आणि एक सांगू? "शेतकरी घरच्यासाठी वेगळं पिकवतात आणि आपल्याला विष देतात" हे तू म्हणतोस ना, माझा मामा तीच भेंडी खातो. रोज. शिवाय तिच्यावरच्या तुषारात सकाळभर उभा राहतो. विषाचा पहिला घास त्याचा असतो, आपला शेवटचा.

मग करायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी, आणि तिन्ही आपल्या आवाक्यातल्या आहेत. एक, जे औषध उघड्या पायांनी, उन्हात, कमी पाण्यात सुरक्षितपणे मारताच येत नाही, ते दुकानात असता कामा नये. त्यासाठी आणखी एका गंडामनची वाट बघू नये. दोन, विक्रीच्या बिलावर पीक लिहिलं गेलं पाहिजे आणि त्या पिकाला न चालणारी बाटली दिली तर जबाब दुकानदाराने आणि त्याला माल देणाऱ्याने द्यावा, शेतकऱ्याने नव्हे. तीन, युरोपसाठी जे केलं ते वाशीसाठी करा. बाजाराच्या दारात नमुना, शेतापर्यंत माग, आणि निकाल सगळ्यांना दिसेल असा फलकावर. खर्च येईल. किलोमागे चार पैसे जास्त द्यावे लागले तर ते आपण द्यायचे, कारण ऑरगॅनिकच्या बॉक्सला आपण दुप्पट देतोच आहोत. आणि सुरुवात म्हणून, ज्या ॲपवरून दहा मिनिटांत भेंडी मागवता, त्याला विचारा की ही कुठल्या शेतातली आणि हिची तपासणी झाली का. माझ्या घराचा मजला, माझं आवडतं चिप्सचं पाकीट, माझी पगाराची तारीख हे सगळं ज्याला कळतं, त्याला हेही कळवून घेता येईल.

गेल्या महिन्यात मामाकडे गेलो होतो. मोनो गेलं, आता दुकानदार वेगळी बाटली देतो. त्रिकोणाचा रंग सौम्य आहे, किंमत नाही. मी सवयीने मागचा कागद उलगडून फोटो काढून वाचायला लागलो. मामा बघत होता. म्हणाला, "भाच्या, तू तिकडं कंपुटरवर कायकाय बनिवतोस. असं काय बनीव ना, का दुकानदार मला बरोब्बर बाटली देल."

बनवलेलं आहे मामा, २००६ सालीच. ते फक्त कंटेनरबरोबर घाट उतरून पुढे निघून जातं.